तुळसाक्काची पुढली खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलीला नाही. देवळात विठोबासमोर उभी राहते तेव्हा त्यालाही नाही — त्याला माहीत असेल, तो भाग वेगळा. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात ते माझ्याबद्दल फार चांगलं बोलतात. आणि मला ते ऐकायला आवडतं, हेही आधीच कबूल करून टाकते.

म्हैसूरच्या नजरबादमध्ये कुणालाही विचारा, घरमालकाला कोर्टात हरवलेली टेलरबाई कोण? बोट माझ्याकडेच येईल. आमच्या शिंपी समाजाने मला शाल घातली आहे. आजही कुणाचं भाड्याचं घर विकलं गेलं की बायका माझ्याकडे येतात. मी हातातली कातर खाली ठेवते आणि सांगते — घर विकलं म्हणून भाडेकरू विकला जात नाही. ज्याने घर घेतलं तो तुझा नवा मालक, एवढंच. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुला कुणी बाहेर काढू शकत नाही. भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर कर, परत आली तर पावती जपून ठेव. घाबरायचं नाही, आणि किल्ली हातची सोडायची नाही.

किती जणींना सांगितलं असेल! एकीला मात्र सांगितलं नाही.

घरोघर टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. आमचं वठार होतं — एका आवारात दोन बिऱ्हाडं, एक नळ. रस्त्याकडची पुढली खोली तुळसाक्काची, मागची आमची. तुळसाक्का एकटी, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. तिचे पूर्वज राजाच्या फौजेत घोडेस्वार होते, आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही. पोटासाठी हप्पळ लाटायची. हप्पळ म्हणजे पापड हो, आमची मराठी अशीच, निम्मी कन्नड. माझ्या मुलीला पहिले चाळीस दिवस तेल लावून न्हाऊ घातलं ते तिनेच. ब्लाऊजचं पहिलं गिऱ्हाईकही तिनेच हाताला धरून आणलं. हे मुद्दाम सांगते आहे. ती वाईट शेजारीण होती असं तुम्हाला वाटायला नको.

मग काय होतं? — तिची खोली होती. मी मागे, अंधारात, गिऱ्हाइकांना दार सापडायचं नाही. दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जायचा नाही. आणि तिच्या खोलीला रस्त्यावर उघडणारं दार, मोठी खिडकी, पुढे बसायला जगली — दगडी ओटा. त्या ओट्यावर ती पापड वाळत घालायची. मी नळावर पाणी भरता भरता बघायची आणि मनात मशीन मांडायची. खिडकीशी मशीन, भिंतीला आरसा, दारावर पाटी. माझा हात चांगला होता हो! बाहीला एक चुणी पडायची नाही. अशा हाताने अंधारात का मरायचं?

मालक म्हणजे निवृत्त मेष्टर, शाळेतले मास्तर, सज्जन माणूस. म्हातारपणी मुलाकडे बेंगळुरूला गेले आणि घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याला विकून टाकलं. व्यापारी दोन माणसं घेऊन आला, आवारात उभा राहिला आणि म्हणाला, दोन महिन्यांत खाली करा. आमचे हे तर लगेच सामान बांधायच्या गोष्टी करायला लागले. मी मात्र माझ्या एका गिऱ्हाइकाला विचारलं. वकीलबाई होत्या त्या. माप देत उभ्या होत्या, तोंडात माझ्या टाचण्या, आणि त्यांनी मला सगळा कायदा तिथेच समजावला — जो मी आज सगळ्यांना सांगते तोच. जाताना म्हणाल्या, "शेजारणीलाही सांगा. दोघी मिळून उभ्या राहिलात तर त्याला जड जाईल."

मी हो म्हटलं.

त्याच दुपारी तुळसाक्का ओट्यावर पापड उलटत होती. मला बघून तिने जागा करून दिली.

"वकीलबाई काय म्हणाली गे सुमन? जायलाच लागतं काय आपल्याला?"

आता बघा — त्या क्षणी मला कुणी ढकललं नव्हतं. धाक नव्हता, लालूच दाखवायला कुणी आलं नव्हतं. तो व्यापारी तर माझ्याशी धड बोललाही नव्हता. मी तिच्या मागची खिडकी बघितली. आणि म्हटलं, "हो अक्का. घर विकल्यावर आपलं काय राहतं? उद्या पोलीस आणून सामान रस्त्यावर टाकतील. तुमच्यासारखीनं त्याच्याआधी मानानं गेलेलं बरं."

मानानं — हा शब्द मी निवडून घातला. घोडेस्वारांच्या घरची बाई. कुठे सुई टोचायची ते मला बरोबर ठाऊक होतं.

तिने हातातला पापड उलटून ठेवला. मग म्हणाली, "इरली गे, इरली." असू दे, असू दे. पंधरा दिवसांत तिने टी. नरसीपूरला भावाकडे निरोप पाठवला, टेम्पो बोलावला, खोली शेणाने सारवून स्वच्छ केली आणि व्यापाऱ्याच्या माणसाच्या हातात स्वतःहून किल्ली ठेवली. "तुम्ही पण जागा बघा लवकर," असं मला म्हणून गेली.

त्यानंतर मी लढले. आणि काय लढले! व्यापाऱ्याने नळ तोडला, मी रस्त्यावरच्या नळावरून कळशा आणल्या. मनीऑर्डरी परत आल्या, मी पावत्या दोऱ्यात ओवून ठेवल्या. त्याने दावा लावला. हे कोर्टाच्या पायऱ्या चढायला तयार नव्हते, मी इस्त्रीचं पातळ नेसून एकटी गेले. त्याच्या वकिलाने मला विचारलं, शेजारची बाई मुकाट्याने गेली, मग तुम्हीच का अडून बसलात? मी कन्नडमध्ये, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिला कायदा माहीत नव्हता, मला आहे!" कोर्टात हशा पिकला. ते वाक्य आमच्या लोकांत अजून सांगतात. लग्नाच्या पंगतीत सांगतात. मीही शेजारी बसून ऐकते.

त्याचा दावा फेटाळला गेला. मग तो तडजोडीला आला — मागची जागा त्याला वखारीसाठी, पुढली खोली मला, नव्या करारावर. मी दोन दिवस विचार करते म्हणाले. विचार कसला करायचा होता? खिडकीशी मशीन, भिंतीला आरसा, दारावर पाटी. मुलीचं शिक्षण त्या खोलीने केलं. दसऱ्याच्या आधी तर ओट्यापर्यंत रांग लागायची.

तुळसाक्काला मी एकदाच भेटले, पाच-सहा वर्षांनी. टी. नरसीपूरला संगमावर स्नानाला गेले होते, न जाणं बरं दिसलं नसतं. भावाच्या घरी मागच्या पडवीत, भाताच्या पोत्यांच्या कडेला तिची चटई होती. तिने बरोबर नेलेलं पापडाचं पोळपाट-लाटणं भावाच्या सुनेने घरात घेतलं होतं. मागितल्याशिवाय तिला चहाही मिळत नव्हता, हे मला तासाभरात कळलं. पण मला बघून ती अशी उठली! माझा हात धरून तिने आजूबाजूच्या चार घरांत फिरवलं. "ही आमच्या वठारातली सुमन. कोर्टात उभी राहून मालकाला हरवलं हिनं." तिला माझा अभिमान होता. माझ्याइतकाच.

निघताना तिने विचारलं. रागाने नाही, नुसतंच, फार दिवस मनात ठेवलेलं विचारावं तसं.

"सुमन, मी गेल्यावर कायदा बदलला काय गे?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही का? खोली मिळाली होती, नाव झालं होतं, माझं काही जाणार नव्हतं. फक्त तिच्या डोळ्यांतला तो अभिमान गेला असता.

"हो अक्का," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर बदलला."

तिचा चेहरा मोकळा झाला. "तसंच असणार," ती म्हणाली. "नाहीतर तू मला सांगितलंच असतंस."

तुळसाक्का त्याच पडवीत वारली. मी दुकान अजून उघडते, आणि कोर्टातलं ते वाक्य कुणी सांगू लागलं की माझी मान अजूनही ताठ होते.

कायदा बदलला नव्हता. आम्हा दोघींना तो एकच होता.