शिगेची पायली

चामोर्शीच्या आठवडी बाजारात ती मला दिसली तेव्हा मी खादीचा सदरा घालून चांदा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांची यादी करत हिंडत होतो. यादीत नाव, गाव आणि किती सभा घेतल्या, असे रकाने होते.

जंगलातल्या बाया चारोळी आणायच्या आणि व्यापारी तिच्या बदल्यात मापाला माप मीठ द्यायचा. चारोळी घेताना तो पायली वर शीग येईपर्यंत भरायचा. मीठ देताना मात्र काठावरून हात फिरवून ती शीग पाडायचा.

ही उंच, सावळी बाई आपली चारोळी देऊन झाली तरी हलायची नाही. दुसऱ्या बायांचं मीठ मोजलं जाईपर्यंत पायलीजवळ उभी राहायची. व्यापाऱ्याचा हात मिठाकडे गेला की आपला हात आडवा धरायची आणि आवाज न चढवता म्हणायची, "सेठ, शीग राहू दे." व्यापारी चिडायचा, पण शीग राहायची.

मी वही उघडली. "बाई, नाव सांगा. खऱ्या कार्यकर्त्या तुम्हीच."

"नाव नको लिवू भाऊ," ती म्हणाली. "लिवलं त बाकीच्या बाया म्हनतील, हे तिचं काम आहे."

पुढच्या बाजारी ती आली नव्हती. व्यापाऱ्याचा हात मिठाकडे गेला, आणि एका म्हातारीनं आपला हात आडवा धरला.

माझ्या यादीत त्या गावापुढे नावाची जागा कोरीच राहिली. वहीतलं तेवढं एकच पान मी अजून अभिमानानं दाखवतो.