लेटेकवाले काका आणि गंगूबाईंचा नळ

लेटेकवाले काका डोळ्यांवर विश्वास ठेवत नसत. स्वतःच्याही नाही. "डोळा कंटाळतो, आज्ञा कंटाळत नाही," असं ते इंद्रलोक सोसायटीतल्या आपल्या खोलीत संगणकावरची चादर काढता काढता सांगायचे. लेटेक म्हणजे गणिताची पुस्तकं छपाईसाठी जुळवायची संगणकी पद्धत. निवृत्तीनंतर काका तेच काम करत. आम्हा मोर्चेवाल्या पोरांना पत्रकं हवी असत, त्यांना शिस्त. उद्याच्या मोर्चाचं पत्रक परवा द्यायचे. समास मात्र सुरेख.

एकदा साधी यादी होती. खारी वस्तीतल्या चाळींत नळ हवा असलेल्या घरांची, नगरपरिषदेला द्यायची. कुणीही तासाभरात टाइप केली असती. काका दोन दिवस संगणकाला द्यायची स्वतःची आज्ञाच रचत बसले.

"नाव, स्वल्पविराम, खोली, अर्धविराम. आज्ञा स्वल्पविरामाशी तोडणार, अर्धविरामाशी थांबणार. नाव एका रकान्यात, खोली दुसऱ्यात, क्रमांक आपोआप."

"काका, सरळ टाइप करा ना."

"सरळ म्हणजे दर ओळीला नवी चूक. बस, भर यादी."

मी चरफडत भरली. नामदेव पाटलांच्या खोलीनंतर अर्धविराम द्यायचा राहिला. आज्ञा थांबलीच नाही. पुढच्या गंगूबाई कांबळेंना उचलून तिने नामदेवच्या खोलीच्या रकान्यात कोंबलं. काकांनी छापलेला कागद पुढे केला, "वाच." मी न वाचता पिशवीत टाकला. मोर्चाची घाई होती.

नगरपरिषदेतल्या कारकुनाने क्रमांकाप्रमाणे नळ दिले. गंगूबाईंना क्रमांकच नव्हता. "तुमचा अर्जच नाय," म्हणाला आणि खिडकी लावून घेतली. गंगूबाईंनी लेकीकडून यादी वाचून घेतली आणि मला गाठलं. "दादा, माझं घर नामदेवभाऊच्या घरात कधी घुसलं?"

मी तडक इंद्रलोकात जाऊन काकांना वाट्टेल ते बोललो. संगणक खाडीत टाका म्हणालो. त्यांनी यादी पडद्यावर आणली, अर्धविराम राहिला होता ती जागा बोटाने दाखवली. मग हळूच म्हणाले, "ती ओळ लांब दिसली होती मला. आज्ञेने तक्रार केली नाही, म्हटलं बरोबर असेल."

असल्या भक्तीची मला आजही चीड येते. एक बाई यादीतून नाहीशी झालेली दिसते, आणि यंत्र गप्प म्हणून हा शिकलेला माणूसही गप्प.

दुसऱ्या दिवशी काका चालत खारीत आले. गंगूबाईंना म्हणाले, "ताई, चूक माझी. दिसली होती, बोललो नाही." गंगूबाईंनी त्यांना यथेच्छ सुनावलं, मग चहा दिला. मी शेजारीच उभा होतो. अर्धविराम कुणी विसरला ते काकांनी सांगितलं नाही. मीही नाही.

पुढची यादी निघेपर्यंत आठ महिने गंगूबाई नामदेवच्या दारात कळशी घेऊन थांबत होत्या. तोवर काका लेकाकडे नाशिकला निघून गेले. नळ आला त्या दिवशी गंगूबाईंनी साऱ्या चाळीसमोर माझ्या हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला.