पंधरा सेकंदांची माफी

आमच्या दाजींना दोन मिनिटं गप्प बसवत नाही आणि पोट मात्र चालतं मुक्या पडद्यांवर. शहरात भाड्याने टेबल देणारी जी ऑफिसं निघाली आहेत, को-वर्किंग म्हणतात ती, तिथल्या भिंतींवर जाहिरातींचे डिजिटल स्क्रीन असतात. ते बसवणं, पुसणं, त्यांवर जाहिराती चढवणं, हे दाजींचं काम. वकील, आर्किटेक्ट, सल्लागार अशी शिकलीसवरलेली माणसं एका जागी दिवसभर सापडतात म्हणून जाहिरातदार खूश असतात. ही माणसं लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसतात आणि स्क्रीनकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

उलट, लोक जाहिरात बघताहेत असा फोटो त्यांना पाठवावा लागतो. त्यावर दाजींनी काढलेली युक्ती अशी, की मी स्क्रीनखाली किल्ल्यांचा जुडगा खणकन पाडायचा, माना वर झाल्या की त्यांनी समोरून फोटो काढायचा. मी अशाच एका ऑफिसात समोरच्या काउंटरवर बसते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे किल्ल्या पाडायला मला नाही म्हणता येत नाही.

ताई वकील आहे, लोकांचे करारनामे तपासून देते. आधी हे काम ती घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायची. पण अशील दारात आला की दाजी त्याला चहा द्यायचे आणि चहासोबत स्वतःच सल्लाही देऊन टाकायचे. शेवटी ताईने आमच्याकडे खिडकीजवळचं टेबल घेतलं. "मला कोणीतरी वकील म्हणून बघू दे गं एकदा," म्हणाली. हे ती हसत म्हणाली होती, पण मला ते लागलं होतं.

आणि दाजींनी काय करावं? पाठदुखीच्या दवाखान्याची जाहिरात आली. तिच्यासाठी वाकून बसलेल्या माणसाचा फोटो हवा होता. ठरलेला मॉडेल आला नाही. दाजींच्या फोनमध्ये माना वर न करणाऱ्यांचे फोटो ढिगाने होते. त्यातला एक त्यांनी देऊन टाकला. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, एक चप्पल पायातून सुटलेली, तोंड अर्धवट उघडं आणि पाठीचं धनुष्य झालेलं, अशी आमची ताई! खाली ठळक अक्षरं: 'तुमचीही अशीच अवस्था आहे का?'

दाजींना वाटलं, तिला गंमत वाटेल. ताईला कळलं ते अशिलाकडून. तो करार दाखवायला आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, पाठ कशी आहे आता? तुम्ही बऱ्या व्हा, मग येतो." आणि गेला. कॉफीच्या मशीनपाशी कोणीतरी खुसखुसलं. ताईने खुर्ची उचलली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि स्क्रीनकडे पाठ करून बसली. जाहिरात त्याच दुपारी उतरली, पण ताईचा अबोला काही उतरला नाही.

ती भांडली असती तर दाजी हरले असते, पण सुटले असते. अबोल्यात मात्र ते पाण्याबाहेरच्या माशासारखे तडफडायला लागले. घरातला सगळा कारभार माझ्या फोनवरून. "त्याला सांग, गॅस संपलाय." "तिला सांग, सांगितलाय." दाजींनी तोंडी माफी मागायचा प्रयत्न केला की ताई मिक्सर लावायची. वाटायला काही नसलं तरी लावायची.

तेव्हा दाजींच्या सुपीक डोक्यातून एक कल्पना निघाली. स्क्रीनवर जाहिराती एकामागून एक फिरत असतात, प्रत्येकीला पंधरा सेकंद. जी जागा विकली गेली नाही तिथे हवामान नाहीतर सुविचार टाकायचा, असा त्यांच्या धंद्यातला रिवाज. दाजींनी सुविचार काढला आणि तिथे चार शब्द टाकले: 'मी चुकलो. माफ कर.' मागे काहीतरी हवं, म्हणून घरच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याचा फोटो लावला. लिंबांच्या चित्रांचा तो पडदा ताईने स्वतः शिवला आहे आणि त्याची खालची शिवण वाकडी गेली आहे.

आता या माणसाला अक्कल असती तर त्याने ते एकाच स्क्रीनवर चढवलं असतं. यांनी नेहमीच्या सवयीने सगळ्या ऑफिसांत चढवलं. शहरभरच्या शिकल्यासवरल्यांनी दाजींची माफी वाचली, फक्त दाजींच्या बायकोने वाचली नाही. ती स्क्रीनकडे पाठ करून बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मजा म्हणजे, ज्या स्क्रीनकडे कोणी बघत नव्हतं त्याकडे लोक बघायला लागले. मला किल्ल्या पाडाव्या लागेनात. कोण चुकलं? कोणाला माफी हवी? पैजा लागल्या. दाजींच्या साहेबांनी विचारलं, "हे कोणाचं काम?" दाजी म्हणाले, "जाहिरातदाराने नाव गुप्त ठेवायला सांगितलंय." साहेब भलतेच खूश झाले.

आमच्याकडे लिंबू सरबत विकणाऱ्या कंपनीचा मॅनेजर बसतो. तो एकदा घामाघूम होऊन ताईसमोर येऊन बसला. फोनमधला स्क्रीनचा फोटो पुढे केला. "मॅडम, या लिंबांमुळे सगळे आम्हाला विचारताहेत, तुमच्या सरबतात काय निघालं? ही कबुली आमच्यावर शेकू शकते का?" मी पाण्याचा ग्लास घेऊन मुद्दाम तिथे रेंगाळले.

ताईने फोटो बराच वेळ पाहिला. मग वकिली आवाजात म्हणाली, "कोण चुकलं, काय चुकलं, कोणाचं नुकसान झालं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. अशी माफी कोणीही मागेल. तिला काडीची किंमत नाही. तुम्ही निर्धास्त राहा." फोन परत देत म्हणाली, "आणि शिवण वाकडी आहे." मॅनेजरने तोही कायद्याचा मुद्दा असावा तशी मान डोलावली.

मी जिन्यात दाजींना गाठून सगळं सांगितलं.

"म्हणजे तिला कळलं!"

"कळलं हो. पटलं नाही."

दाजी पायरीवर बसले. त्यांच्यापुढे आणखी एक भानगड होती. गुप्त जाहिरातदार काही समोर येईना, तेव्हा साहेबांनी ते गुपित परस्पर विकलं होतं, एका गादीवाल्याला. सोमवारी त्याच शब्दांखाली येणार होतं: 'स्वस्त गादी घेतली!' साहेबांनी दाजींना बजावलं होतं, यात घोळ झाला तर शिडी ठेवायची आणि घरी जायचं.

"नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल," दाजी म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पण सोमवारी ते गादीचं आलं, तर ती माफी गादीसाठीच होती असं तिला जन्मभर वाटेल." मला त्या क्षणी त्यांची दया आली. थोडीशीच.

सोमवारी साहेब गादीवाल्याला घेऊन आमच्याकडे आले. दाजी स्क्रीनशेजारी शिडीवर उभे होते, उगाचच पुसत. दाताच्या डॉक्टरची जाहिरात गेली, फोनची गेली आणि लिंबं आली. त्यावर लिहिलं होतं: 'पाठदुखीच्या जाहिरातीतली बाई माझी बायको आहे. तिचा फोटो मी तिला न विचारता लावला. तिची पाठ ठणठणीत आहे. ती वकील आहे, आणि माझ्यामुळे लोक तिला हसले. मी चुकलो.'

हॉलभरच्या माना वर झाल्या आणि मग एकेक करून ताईकडे वळल्या. सगळे आपल्याकडे का बघताहेत ते तिला कळेना. शेवटी तिने मागे वळून बघितलं आणि तेवढ्यात पंधरा सेकंद संपले. स्क्रीनवर टक्कल घालवायचं तेल आलं.

ताई उठली. स्क्रीनसमोर जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली. तेल गेलं, विमा आला, इंग्रजी बोलायचा क्लास आला, पुन्हा दातांचा डॉक्टर आला, फोनची जाहिरात आली. सगळा हॉल तिच्याबरोबर जाहिराती बघत होता. कोणत्याही जाहिरातदाराच्या नशिबी असं गिऱ्हाईक आलं नसेल. मग लिंबं आली. ताईने पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं.

इतका वेळ साहेबांची वाचा गेली होती. ती आता परत आली. "उतरा खाली! तुम्हाला कामावरून काढलं!"

"त्याला नंतर काढा," ताई म्हणाली. "आधी मला सांगा, तुमच्या कंपनीने माझा फोटो कोणाच्या लेखी परवानगीने लावला?" साहेबांनी शिडीकडे पाहिलं. "त्याच्याकडे बघू नका. तेव्हा तो तुमच्या पगारावर होता. बसायचं का आपण? माझं टेबल खिडकीजवळ आहे."

साहेब बसायच्या मनःस्थितीत नव्हते. काढण्याचं बघू पुढे, असं काहीतरी पुटपुटले. गादीवाल्याने ताईला हळूच विचारलं, "मॅडम, पाठ खरंच ठणठणीत आहे? गादी कोणती वापरता?" कोपऱ्यातून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "मॅडम, माझा एक भाड्याचा करार बघाल का?" मला रडू आवरेना, आणि हसूही.

ताई शिडीपाशी गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने मान वर करून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"सही कुठाय?"

"अगं, स्क्रीनवर सही कशी करू?"

"ते तुझं तू बघ. सहीशिवाय मी काही मान्य करत नसते."

तिने अंबाड्यातली पेन्सिल उपसून त्यांच्या हातात दिली. दाजींनी वाकून स्क्रीनखालच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर आपलं नाव लफ्फेदार गिरवलं. भिंत खराब करणाऱ्याला अडवणं हे माझं काम आहे. मी काउंटरखाली वाकून किल्ल्या शोधत राहिले.

ताईने सही नीट तपासली. केस मोकळे सुटले होते, ते मागे सारले आणि म्हणाली, "बरं, उतर आता खाली. किती वाकलायस, पाठ धरेल."