जोतिबांनी पाडलेला कट्टा

जोतिबा हवालदार बहात्तरीला आले, पण हट्ट अजून पलटणीतलाच. ऐन तरुणपणी सुट्टीवर आले असताना साताऱ्यातल्या घरापुढं त्यांनी स्वतःच्या हातांनी कट्टा बांधला. वर शहाबादी फरशी, तिच्यावर खिळ्यानं कोरलेला वाघ-शेळीचा पट. निवृत्त होऊन आल्यावर रोज पाचाला गल्लीच्या खालच्या टोकाचे लालासाहेब यायचे. दोघं खडे मांडायचे, कडाकडा भांडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची बारीक चौकशी करायचे. काय संध्याकाळी होत्या त्या!

लालासाहेबांचे गुडघे तेव्हाही कुरकुरत. पण वाटेत चार घरांचे चार कट्टे होते. एकेकावर टेकत, कुठं पाणी, कुठं चहा घेत ते वर पोचायचे.

मग जोतिबांच्या मुलानं, वीरधवलनं, गाडी घेतली. कट्टा पाडायला तो घुटमळत होता. पहार उचलली ती जोतिबांनीच.

"फौजीच्या दारात गाडी शोभती रं!"

फरशी तेवढी फेकवेना, ती चाकाखाली घातली. वर्षभरात चारी शेजाऱ्यांनी कट्टे पाडून गाड्यांसाठी उतार केले. गल्ली चकाचक झाली आणि बूड टेकायला वीतभर जागा उरली नाही. वीरधवल कामाला जातो कंपनीच्या बसनं. गाडी आठवड्यातले सहा दिवस दारात लोळत असते.

परवा बऱ्याच दिवसांनी लालासाहेब आले. घामाघूम, पाय लटपटत होते. गाडीला टेकले तोच ती बोंबलायला लागली. सून दीपमालानं धावत येऊन तिला गप्प केलं.

"जोतिबा, आता हे शेवटचं," लालासाहेब म्हणाले. "वाटंत टेकायला जागाच न्हाई ठेवली तुमी लोकांनी."

'तुमी लोकांनी' हे शब्द जोतिबांना फार लागले. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, मित्राला आत बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. वीरधवल कामावरून आला, तेव्हा दोघं म्हातारे उभ्या गाडीत समोर बघत बसले होते.

"तात्या, कुठं जायचंय? सोडू का?"

"कट्ट्यावर सोड. सोडतोस?"

वीरधवल ओशाळला. दोघांना उतरवून त्यानं गाडी काढली, शाळेमागच्या मैदानावर लावली आणि चालत परत आला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"हितनं पुढं तिकडंच लावतो, तात्या."

मोकळ्या जागेत फरशी उघडी पडली होती. ऑइलचे डाग, एक कोपरा फुटलेला. जोतिबांनी ती टॉवेलनं पुसली. पटाच्या रेघा निम्म्याच उरल्या होत्या. लालासाहेबांचे डोळे भरून आले.

"पट हाय रं. पर मी हितवर येऊ कसा?"

जोतिबांनी उत्तर दिलं ते दुसऱ्या दिवशी पाचाला. घरातली खुर्ची उचलून ते गल्लीत खाली गेले. लालासाहेब वीस पावलं चालले की जोतिबा खुर्ची मांडायचे. दम खाऊन झाला की खुर्ची डोक्यावर घेऊन पुन्हा पुढं.

वाटेतल्या घराच्या मनुबाई आपल्या उतारावर येऊन बघत राहिल्या. "आवं दाजी, खुर्ची घिऊन ह्यो काय खेळ?"

"खेळ न्हाई, मनुबाई. तुमचा कट्टा माझं बघूनच पडला न्हवं? तवा आता हितं मीच खुर्ची मांडायची."

आणि मनुबाईंच्या दारात, जिथं पूर्वी कट्टा होता, नेमकी तिथंच त्यांनी ती मांडली.