जैतूनबींचा फळा

लोकांच्या नोकरीतल्या कुरबुरी ऐकणं हा आमचा धंदा. कंपनीत त्याचा पगार मिळतो, शनिवारी फुकट ऐकतो. गंमत म्हणजे किस्से साठतात ते फुकटातलेच. मी आणि माझी सहकारी नसरीन चहाला बसलो की तेच निघतात.

बिडकीनजवळचा एक धर्मादाय दवाखाना. बाळंतपणं करणाऱ्या एकट्या कविता सिस्टर, आणि त्यांनीच राजीनामा दिलेला. त्या गेल्या की बाळंतपणाची खोली बंद. मग बायकांनी कळा सोसत शहर गाठायचं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सायकॉलॉजीवाले ना? थांबवा त्यांना."

पहिल्या दिवशी नसरीननं ताणतणावावर तासभर प्रेझेंटेशन दिलं. शेवटी विचारलं, "काही शंका?"

"व्हय," कविता सिस्टर म्हणाल्या. "माझी ड्युटी मघाशीच संपली. जाऊ का?"

*

मग आम्ही सगळ्या स्टाफला निनावी फॉर्म वाटले. नऊच्या नऊ भरून आले, एकाच अक्षरात! दवाखान्यातल्या जुन्या आया जैतूनबी, त्यांनीच सगळ्यांचे भरले होते. "सगळ्यांचं दुखणं मला तोंडपाठ हाय. त्यांचा टाइम कशाला घालवायचा?"

मी कपाळाला हात लावला. पण वाचले. नवांत एकच तक्रार: कोणाची ड्युटी कधी, हे डॉक्टर रोज सकाळी ठरवतात, घरचं काहीच ठरवता येत नाही. आमच्या डिग्र्या तिथंच गार पडल्या.

*

आम्ही सुचवलं, अख्ख्या महिन्याच्या ड्युट्या आधीच फळ्यावर लावा, आणि फळा जैतूनबींकडे द्या. "आया ड्युटी लावणार?" डॉक्टर हसले. पण दुसरा इलाज नव्हता.

पंधरा दिवसांत डॉक्टरांनाच अचानक सुट्टी हवी झाली. साडूच्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटणार होती. जैतूनबींनी फळ्याकडं बोट केलं. "साहब, पहले बोलना था ना."

डॉक्टर सुपारीला गेले, पण ओपीडी संपवून! त्या दिवशी आम्हाला फार बरं वाटलं.

*

महिना संपत आला, आणि कविता सिस्टरची नोटीसही. पुढच्या महिन्याचा फळा लागला, त्यात कविता सिस्टरचं नाव! मी घाबरून म्हटलं, "जैतूनबी, त्या तर चालल्यात."

"मग नाव त्यांनीच पुसावं. डस्टर तिथंच हाय."

कविता सिस्टर आल्या. फळ्यावर बोट फिरवत आपल्या नावाशी थांबल्या. मग त्यांनी डस्टर उचललं.

"जैतूनबी, गुरुवारी मला नाय जमणार, पोराचा वाढदिवस हाय," त्या म्हणाल्या. "बुधवार लावू का?"