कालगुर्लीहून निघालेल्या दोन काठ्या

चंद्रहास मेश्रामला घरचं लॉन कापायचं असलं तरी आधी लेखी काम असतं. खाणीत नियम आहे, की कुठल्याही कामाला हात घालायच्या आधी पाच मिनिटं थांबायचं, खिशातली छोटी वही काढायची आणि यात काय काय बिघडू शकतं ते लिहून काढायचं. बाकीचे लोक खाणीच्या गेटबाहेर पडले की ती वही गाडीत भिरकावतात. हा पठ्ठ्या ती घरी घेऊन येतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय: ‘लॉन. धोका एक, दगड उडणे. धोका दोन, साप. धोका तीन, अस्मिताने मध्येच हाक मारणे.’ अस्मिता त्याची बायको. मी शैला, दोघांची शेजारीण, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, आणि तोंडाची जरा फटकळ आहे असं गावात बोलतात. बोलोत बापडे.

कालगुर्ली म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं सोन्याच्या खाणीचं गाव. चंद्रहास तिथे मेन्टेनन्स इंजिनिअर. मूळचा बल्लारपूरकडचा. त्याचे बाबा कोळशाच्या खाणीत फिटर होते, आणि पोराने पुढे सोन्याच्या खाणीत नोकरी धरली याचा त्यांना इतका अभिमान, की फोनवर विचारायचे, ‘आज किती निघालं रे?’ जसं काही हा रोज संध्याकाळी टोपलीत घालून घरी आणतो.

२०२१च्या मे महिन्यात ते गेले. तोवर करोना आमच्याकडे फक्त टीव्हीवर होता. आमच्या राज्याने सीमा बंद करून घेतल्या होत्या आणि आम्ही आत मजेत बार्बेक्यू करत होतो. तिकडे चंद्रपुरात त्यांना बेड मिळायला दोन दिवस लागले. इथून जायला परवानगी नाही, गेलं तर परत यायला विमान नाही. चंद्रहासने बापाचे अंत्यसंस्कार चुलतभावाच्या मोबाइलवर पाहिले, तेही निम्मा वेळ चित्र अडकलेलं. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले तर हा अंगणात बसून पाना पुसत होता. दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेला. आमच्यासमोर रडला नाही तो कधीच, आणि मला त्याचा रागही आला होता. माणसाने रडावं की!

तर त्यानंतर ऑक्टोबरात ग्लेनचं प्रकरण झालं.

ग्लेन हा त्याच्याच शिफ्टवरचा कॅनेडियन, नऊ वर्षं कालगुर्लीत राहून निम्मा ऑस्ट्रेलियन झालेला. एका सकाळी त्याला फोन आला, की कॅनडात, मॅनिटोबाला, त्याच्या वडिलांच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलाय, फार तर फेब्रुवारीपर्यंत. देशाबाहेर पडायची परवानगी एका दिवसात मिळाली आणि त्याच संध्याकाळच्या विमानात सीट मिळाली. गडी साइटवरूनच एक सॅक पाठीला लावून पर्थला निघाला. तिकडे पोचल्यावर त्याला आठवलं, की भिंतीवरच्या काठ्या राहिल्या.

काठ्या म्हणजे मासेमारीच्या. पण त्याही कसल्या, तर बर्फातल्या मासेमारीच्या. तिकडे तळं गोठतं, माणसं त्यावर खुर्ची टाकून बसतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात गळ सोडतात. म्हणून काठी आखूड, जेमतेम हातभर, आणि शेंडा इतका नाजूक की माशाने नुसतं हुंगलं तरी कळावं. ग्लेनच्या वडिलांनी तरुणपणी त्या दोन काठ्या स्वतःच्या हाताने बनवल्या होत्या, एक स्वतःसाठी, एक पोरासाठी. डिसेंबरात तळं गोठलं की बापलेकांना एकदा तिथे बसायचं होतं. शेवटचं. एवढंच होतं मागणं.

‘पाठवतो,’ चंद्रहास म्हणाला. झालं! पुढचे पाच आठवडे आम्हा दोन्ही घरांच्या डोक्याला ताप.

ग्लेनने सांगितलं होतं, ‘मेट, एखाद्या लोकरीच्या मोज्यात घालून टाक. बाबा जन्मभर तसंच ठेवतात.’ चंद्रहासला हा वैयक्तिक अपमान वाटला. बेचाळीस डिग्रीत तो गावातल्या मासेमारीच्या दुकानात गेला आणि बर्फातल्या काठीसाठी केस मागितली. दुकानदाराने आधी याच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या लाल धुळीकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘पाणी पितोस का थोडं?’ त्याच्याकडे होत्या त्या सगळ्या एस्परन्सच्या किनाऱ्यावर वापरायच्या बारा-बारा फुटी काठ्यांच्या पिशव्या. त्यात ग्लेनच्या चार काठ्या एकापुढे एक झोपल्या असत्या.

मग ऑनलाइन. पहिली आली ती मऊ, आतून अस्तर असलेली पिशवी. चाचणी घ्यायची म्हणून याने अस्मिताचा झारा घेतला, त्याच्या टोकाला कोरडी स्पॅगेटी चिकटपट्टीने लावली (‘हा शेंडा’), पिशवीत घातला आणि वर दहा किलोचा बासमती ठेवला. स्पॅगेटीचा भुगा. त्यानंतर प्लंबरच्या दुकानातून जाड पाइप आणला. पाइप काही चेपत नाही, पण आत रीळ मावत नाही. दोरा गुंडाळायचं ते रीळ काढून वेगळं पाठवावं तर त्याचे स्क्रू पन्नास वर्षांचे, उघडले आणि झिजले तर? शिवाय दोन्ही टोकांना झाकण लावलेला पाइप विमानतळावर कुणाला काय वाटेल, हा धोका क्रमांक सात. एक पेटी मस्त होती, कडक, कुलपाची, आत फोम. पण ती निघाली बंदुकीची. धोका क्रमांक आठ.

त्याची नऊ वर्षांची लेक मयूरा हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, ‘बाबा, इट्स लिटरली अ स्टिक.’

‘ती स्टिक नाहीये,’ चंद्रहास इतक्या जोरात ओरडला की मयूराच नाही, मीसुद्धा दचकले.

अखेर पर्थहून कॅमेऱ्याच्या स्टँडची हार्ड केस आली. काळी, जाड प्लॅस्टिकची, चार खटक्यांची. त्याने आतल्या फोमवर काठ्या ठेवून पेन्सिलने आकार काढला आणि ब्रेड कापायच्या सुरीने तो अस्सा कोरला, की काठी आत ठेवली की गुडूप. रिळाला वेगळा खड्डा, म्हणजे त्याचा भार काठीवर नको. दोरा सैल सोडलेला. दमट होऊ नये म्हणून माझ्या फार्मसीतल्या गोळ्यांच्या बाटल्यांतून जमवलेल्या पुड्या. मग झारा-स्पॅगेटी आत घालून पेटी गच्चीएवढ्या उंचीवरून म्हणजे पाण्याच्या टाकीवरून तीनदा खाली टाकली. स्पॅगेटी शाबूत! हा माणूस अंगणात नाचला हो. बाप गेल्यापासून पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं, आणि मला भरून आलं.

पण त्या वहीत एक धोका लिहायचा राहिला होता. तो म्हणजे मी.

त्या पेटीत कडेला एक कप्पा होता, गळाचे आकडे वगैरे ठेवायला. तो रिकामा. आता मला सांगा, रिकामा डबा कुणाच्या घरी पाठवतात का? माझ्या आईने वाटीभर ताक आणलेलं भांडंसुद्धा कधी रिकामं परत केलं नाही, निदान चार दाणे साखर तरी घालायची. आणि इथे मरणाच्या दारात टेकलेल्या म्हाताऱ्याकडे, उणे तीस डिग्रीत, पेटी जायची, तीही रिकाम्या कप्प्याची? पर्थहून आणलेला डिंक होताच घरी. मी साजूक तुपातले सहा लाडू वळले, घट्ट प्लॅस्टिकमध्ये बांधले, आणि चंद्रहास लेबल आणायला आत गेला तेव्हा कप्प्यात सरकवून दिले. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही. फॉर्मवर त्याने लिहिलं होतं, ‘मासेमारीचं साहित्य, जुनं.’ पार्सल गेलं. वीस नोव्हेंबर.

तेवीस डिसेंबरला आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, तो माझ्या दारात उभा. हातात फोन, फोनवर एक फोटो. उघडी पेटी आणि शेजारी माझे सहा लाडू ओळीने मांडलेले, आरोपीसारखे. तिकडच्या कस्टम्सने पार्सल अडवून पाठवणारा म्हणून चंद्रहासला कळवलं होतं. जाहीर न केलेला खाद्यपदार्थ.

‘शैला, हे तू ठेवलंस?’

‘अरे, रिकामी कशी पाठवायची पेटी? म्हाताऱ्याच्या अंगात जरा ऊब...’

‘माझ्या बाबांच्या वेळी मला काहीच करता आलं नाही,’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. ‘काहीच नाही. हे एक करता येत होतं मला.’ आणि निघून गेला.

मी दार लावून ओट्याशी उभी राहिले आणि ढसाढसा रडले. अक्कल गहाण टाकली होती का मी!

मग कस्टम्सशी आमची पत्रं सुरू झाली. मीच लिहायची, त्याने वाचून पाठवायची. त्यांनी विचारलं, यात काय काय आहे? मी खारीक, खोबरं, तूप सगळं लिहिलं आणि डिंकाला ‘झाडाचा चीक’ लिहिलं. त्याने ते आणखीच सावध झाले. कुठल्या झाडाचा? मला काय माहीत कुठल्या झाडाचा, दुकानाच्या झाडाचा! नाताळ, नवं वर्ष, तिकडची माणसं करोनाने आजारी, फोन उचलायला कुणी नाही. तळं गोठून कडक झालं होतं आणि ग्लेन फोनवर म्हणायचा, नो वरीज, बाबा अजून बसू शकतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लाडू नष्ट करून पेटी सोडली एकदाची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला चंद्रहास स्वतःहून आमच्याकडे आला. खुर्चीत बसला, पाणी प्यायला.

‘पोचली,’ म्हणाला. ‘एक दुपार बसला म्हातारा बर्फावर. मग गेला.’

मी तिथेच हात जोडले. कुणाला जोडले ते मलाही माहीत नाही. आणि माझं तोंड ते, दोन दिवसांत पुन्हा सुटलं. मी त्याला चिडवायला लागले, ‘बघ, उगाच माझ्या लाडवांना बोल लावलास. काही अडलं का?’ येता-जाता, कुंपणावरून, चारचौघांत. दर वेळी तो मान हलवायचा. ‘नाही गं. काही नाही अडलं.’

मार्चमध्ये राज्याच्या सीमा उघडल्या आणि एप्रिलात ग्लेन परत आला. रविवारी दुपारी चंद्रहासच्या अंगणात सगळे जमलो. चंद्रहास कोळशावर कणसं भाजत होता. ग्लेनने ती काळी पेटी बरोबर आणली होती, पाहुण्यांना उघडून दाखवत होता. ‘ओरखडासुद्धा नाही! अर्ध्या जगातून गेली आणि आली. आमच्या चंद्राने काय काम केलंय बघा.’

मी पुढे झाले. म्हटलं, ग्लेन, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण एक दुपार तरी तुम्हाला बर्फावर मिळाली ते फार बरं झालं.

ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. ‘कुणी सांगितलं तुला?’ मग हळूच म्हणाला, ‘नाही मिळाली. बाबा शनिवारी गेले. पार्सल बुधवारी आलं. मी एकटाच जाऊन बसलो, दोन्ही काठ्या घेऊन. चालायचंच, नाताळात पोस्ट असंच असतं.’

दोन महिने. दोन महिने मी त्या माणसाला कुंपणावरून तोंड वर करून विचारत होते, काही अडलं का!

मी तडक शेगडीपाशी गेले. चंद्रहासने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्याने कणीस उलटवलं.

‘खोटं का बोललास माझ्याशी?’

‘वेळेत न पोचणं काय असतं ते मला माहीत आहे, शैला,’ तो म्हणाला. ‘रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच आठवतं. तुला कशाला द्यायचं ते?’

‘आणि ग्लेनला?’

‘त्याला वाटतंय पोस्टामुळे उशीर झाला. वाटू दे.’ आणि आता पहिल्यांदाच त्याचे डोळे भरले. धुराने भरले असं म्हणायची सोय होती, पण तो तसं म्हणाला नाही.

ग्लेन अजून पेटीपाशीच उभा होता, फोममधली धूळ बोटाने टिपत. मी तोंडावरून पदर फिरवल्यासारखा ओढणीचा शेव फिरवला, त्याच्याजवळ गेले, आणि पेटीतला तो कडेचा रिकामा कप्पा उघडून त्याला सगळं सांगितलं.