पट्ट्यांचे पाणी

लेकीने लॅपटॉपवर माझ्या लहानपणीचा व्हिडिओ गेम लावला. त्यातल्या धबधब्याच्या जागी नुसत्या उभ्या निळ्या पट्ट्या होत्या.

“इथे आरपार दिसणारं पाणी होतं,” मी म्हणाले.

“आई, तू कविता करतेस. तेव्हाच्या यंत्रांना असलं पाणी जमायचंच नाही.”

मी माघार घेतली नाही. ते पाणी मी नाक काचेला टेकेल इतक्या जवळून पाहिले होते; बिबवेवाडीत, शेजारच्या नसरीनच्या घरी, एका दुपारी. तापलेल्या टीव्हीतून धुळीचा करपट वास येत होता. फुगीर काचेजवळ हात नेताच त्यावरची लव उभी राहत होती. आत धबधबा कोसळत होता आणि त्याच्याआड गेममधला आमचा चिमुकला शिपाई चक्क ओला दिसत होता.

“अगं, काचेत शिरता का आता दोघी?” नसरीनची अम्मी ओरडली.

“शिरतो ना, पाणी गार आहे!” नसरीन म्हणाली आणि आम्ही तसूभरही मागे सरलो नाही.

“जुन्या टीव्हीसारखं दाखवणारा फिल्टर असतो ना? तो लाव,” मी लेकीला सांगितले.

तिने लावला. पडद्यावर बारीक आडव्या रेघा उमटल्या, रंग एकमेकांत मुरले, पट्ट्या विरघळल्या आणि पाणी वाहू लागले. गेमच्या चित्रकाराने पट्ट्याच काढल्या होत्या. त्यांचे पाणी करण्याचे काम त्याने जुन्या टीव्हीच्या काचेवर सोपवले होते.

“मान्य,” लेक म्हणाली, “पण चित्र धूसर झालं की गं.”

“होऊ दे. ते असंच होतं, आणि मी ते पाहिलं आहे.”